शंभराव्या ठोशाचं बटण

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ज्यांनी हे समोर उभं राहून पाहिलं त्यांचाही बसला नव्हता, आणि त्यांतल्या निम्म्यांचे डोळे तर संध्याकाळपर्यंत सुजून मिटलेच होते, त्यामुळे त्यांची साक्ष काढण्यात अर्थ नाही. शिवाय आज समोरच्या पायरीवर ती मोबाइल दुरुस्तीवाली येऊन बसली आहे, कानावर स्क्रूड्रायव्हर खोचून. तिने बसतानाच अट घातली आहे, "आजोबा, थाप सापडली की मी बोलणार, आणि मी बोलले की गोष्ट तिथल्या तिथे बंद." कबूल. आजवर या तोंडातून निघालेली थाप कोणाला सापडली असेल त्याने हात वर करावा. कोणी नाही ना? मग सरकून बसा.

एक मटणाचा बाजार होता. दोन्ही अंगांना बारा-बारा गाळे, मध्ये फरशीचं अंगण, आणि अंगणाच्या मधोमध मोठा लोखंडी काटा. वर तुळई, तुळईला साखळी, साखळीला हुक. अख्खं धड त्या हुकाला लटकवायचं आणि वजन ओरडून सांगायचं, हे काटेवाल्याचं काम. बत्तीस वर्षं तो ते करत होता. धड असो की पाण्याचा पेला, त्याच्या हातात कुठलीही वस्तू कधी तिरपी झाली नव्हती. झोपतानासुद्धा तो असा सरळ झोपायचा की बायको पहाटे नाकाशी हात धरून बघायची.

या बाजाराची भांडणं कोर्टात जात नसत. ज्यांचं पटेना त्यांनी बाजार बंद असेल त्या दिवशी, दुपारी बाराला, अंगणात उतरायचं. हत्यार नाही. मूठ, कोपर, गुडघा, डोकं, आणि राग अगदीच अनावर झाला तर हाताला लागेल ते हाड. ज्याचे शंभर फटके आधी बसतील तो जिंकला. मोजणार काटेवाला, कारण मोजणं हा त्याचा धंदा. मात्र मोजणी चुकली तर हरणाऱ्याला काटेवाल्याच्या तोंडावर एक ठोसा मारायचा हक्क होता. दात हाच त्याचा जामीन. दात संपले की जामीन संपला, आणि जामीन संपला की काटा दुसऱ्याच्या हातात.

बत्तीस वर्षांत एकतीस दात गेले होते. समोरचे दोन एकाच डोक्याच्या टकरीत गेले. एक दाढ गेली ती सरळ गटारात. एक तर त्याला सापडलाच नव्हता. तीन दिवसांनी एक गिऱ्हाईक चिडून आलं आणि कलेजीबरोबर तो परत देऊन गेलं. आता उरला होता एकच, वरचा डावीकडचा सुळा, खुंटीसारखा पुढे आलेला. काटेवाला सकाळी तोंड धुताना त्याला अंगठ्याने चाचपून बघायचा आणि मगच कामावर जायचा. तो आहे तोवर काटा आपला, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आणि नेमकं तेव्हाच दोन जावांचं फाटलं.

थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ एकाच गाळ्यात मटण कापायच्या. थोरली अर्धं धड खांद्यावर टाकून फोनवर बोलत चालायची. धाकटी अंगाने सडपातळ, पण तिने एकदा सत्तूर मारला तेव्हा हाड तुटलं, ओंडका तुटला आणि खालच्या फरशीला चीर गेली. सासरा वारला आणि मागे त्याचा स्वतःचा ओंडका ठेवून गेला, पन्नास वर्षं रक्त पिऊन काळाकुळकुळीत झालेला. ओंडका एक, जावा दोन.

"तुझ्या माहेरी मटण कापायचे की भाजी?" थोरलीने सगळ्या बाजारादेखत विचारलं.

"माझ्या माहेरी कापायच्या आधी एवढं बोलत नसत," धाकटी म्हणाली आणि हातातलं नळीचं हाड जावेच्या कपाळावर मोडलं. दिवस ठरला. येता बंदचा वार, आठ दिवसांनी.

काटेवाल्याने ते ऐकलं आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. या दोघी लढायला लागल्या की हात दिसत नसत, नुसता वारा दिसायचा. कोणाचे किती, हे डोळ्यांनी मोजणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि या दोघींपैकी कोणाचाही ठोसा तोंडावर बसला तर दात जाईलच, वर जबडाही पाहुण्यासारखा निघून जाईल.

त्याची सूनबाई घरात बसून लोकांना मोबाइलची ॲपं बनवून द्यायची. तो तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "सूनबाई, फटके मोजायचं ॲप करून दे."

"करून नाही देणार, बाबा. शिकवते. तुम्ही करा."

"या वयात?"

"मी केलं तर हरणारी म्हणेल की काटेवाल्याच्या सुनेने लबाडी केली, आणि ठोसा मारायला इकडे येईल. माझे बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत, आणि मला ते तिथेच आवडतात."

पहिल्या दिवशी तिने जुना लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि ॲप बनवायचं सॉफ्टवेअर त्याच्याच हाताने उतरवायला लावलं. दोन तास झाले तरी ते उतरतच होतं.

"एवढ्यात मी चार बोकड सोलतो," काटेवाला म्हणाला.

"यात सगळी अवजारं एकदम येतात, बाबा. सत्तूर, ओंडका, काटा, आणि वर एक खोटा फोनसुद्धा."

खोटा फोन म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर उमटलेलं फोनचं चित्र. ते खऱ्यासारखं पेटलं, त्यात घड्याळही चालू झालं. "लिहिलेलं आधी यावर चालवून बघायचं," सूनबाई म्हणाली. "इथे कितीही चुकलं तरी कोणाला लागत नाही."

काटेवाल्याला ही कल्पनाच नवी होती. चुकलं आणि कोणाला लागलं नाही, असं त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

पडद्यावर एक शब्द उमटवायचा, 'नमस्कार', एवढाच पहिला धडा. त्याने दोन बोटांनी टकटक करत तो लिहिला, चालवला, आणि पडदाभर लाल रेघा उसळल्या. सत्तावीस चुका. काटेवाल्याने टेबलावर मूठ आपटली, टेबलाचा पाय मोडला, आणि लॅपटॉप घसरत निघाला तो सूनबाईने पायानेच अडवला.

"चुका सत्तावीस नाहीत, एकच आहे," ती म्हणाली. "इथे महिरपी कंस उघडलात आणि मिटला नाहीत. एक जखम बांधायची राहिली, म्हणून खालचं सगळं रक्तबंबाळ. आणि टेबलाचा पाय ही दुसरी."

तिसऱ्या दिवशी खरा फोन वायरने जोडायचा होता. त्याआधी फोनची परवानगी लागते. सूनबाईने फोनच्या माहितीचं पान उघडलं. "अगदी तळाला तो नंबर दिसतो ना? त्यावर सात वेळा टिचकी मारा."

त्याने नखाने टकाटक सात मारल्या. फोन ढिम्म.

"नखाने नाही, बाबा. काचेला जिवंत चामडी लागते. नख, काठी, हाड, कशालाच ती ओळख देत नाही. बोटाचं मांस टेकवा."

"म्हणजे काच मांसाहारी आहे म्हण की," काटेवाला म्हणाला आणि बाजारच्या आवाजात मोजत सुटला, "एक! दोन! तीन!" सातव्याला फोनने लिहून दाखवलं की तुम्ही आता डेव्हलपर आहात. तो उठून बायकोला सांगायला गेला, "ऐकलंस? सात टिचक्यांत डेव्हलपर झालो."

"एकतीस दातांत काय झालात तेही माहीत आहे," बायको पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली.

मग बटणं आली. लाल बटण थोरलीचं, निळं धाकटीचं. दाबलं की वरचा आकडा एकाने वाढायला हवा. पहिल्या खेपेस लाल दाबलं की निळा आकडा वाढायचा. दुसऱ्या खेपेस थोरलीचे तीन फटके दिले आणि पडद्यावर एकशे अकरा आले.

"तीन फटक्यांत जिंकली की ती!" काटेवाला घामाघूम झाला.

"तुम्ही अंकाला अक्षर समजलात. एकाशेजारी एक, त्याच्याशेजारी एक, असं नुसतं चिकटवत गेलात. याला बेरीज करायची आहे हे सांगा की. यंत्र तुमच्या मनातलं वाचत नाही, तुम्ही लिहिलेलं वाचतं."

सातव्या दिवशी सगळं जमलं. खात्री करायला काटेवाला बाजारात गेला, एक धड हुकाला लटकवलं, उजव्या हाताने त्याला ठोसे मारले आणि डाव्या हातात फोन धरून अंगठ्याने बटण दाबत राहिला. तीनशे ठोसे. बोटांची सालं निघाली, धडाच्या बरगड्या आतून मोडल्या, पण मोजणी एकानेही चुकली नाही. फोन मात्र त्या सगळ्या वेळात त्याच्या हातात दिव्यासारखा उभा होता. दुसऱ्या कोणी नवशिक्याने तो एकदा तरी आडवातिडवा केला असता. काटेवाल्याच्या हाताला ती सवयच नव्हती.

"बाबा, एक राहिलंय," घरी आल्यावर सूनबाई म्हणाली. "फोन आडवा झाला की..."

"आडवा कशाला होईल? माझ्या हातात आजवर काही आडवं झालंय?" असं म्हणून तो सरळ जाऊन सरळ झोपला.

बंदच्या दिवशी बाराच्या ठोक्याला अंगण भरलं. जावांचे नवरे एका कडेला आपापल्या बायकोचा रुमाल धरून उभे होते आणि एकमेकांना तंबाखू देत होते. भावाभावांचं काही भांडण नव्हतं. काटेवाल्याने फोन दोरीने गळ्यात बांधला, हनुवटीखाली, उभा. दोघींनी पडदा तपासला. लालवर शून्य, निळ्यावर शून्य.

पहिला ठोसा थोरलीचा. तो धाकटीच्या गालावर बसला आणि तिची कानातली कुडी तिसऱ्या गाळ्याच्या शटरमधून आरपार गेली. धाकटीने उत्तर कोपराने दिलं, बरगडीखाली, आणि कड्‌ असा आवाज आला तो मागच्या रस्त्यावर ऐकू गेला. मग वारा सुटला. केस उपटले जात होते, ओठ फाटत होते, फरशीवर रक्ताचे थेंब पडायच्या आधीच दुसऱ्या रक्ताचे थेंब त्यांना गाठत होते. काटेवाल्याची दोन्ही बोटं नाचत होती. लाल, निळं, लाल, लाल, निळं. एकसष्ट, अठ्ठावन्न. बाजाराच्या इतिहासात इतकी चोख मोजणी झाली नव्हती, आणि काटेवाल्याने बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच लढाई बघताना जीभ सुळ्यावरून काढली.

तेवढ्यात थोरलीने भिरकावलेला बोकडाचा पाय धाकटीला चुकवून काटेवाल्याच्या कानशिलावर बसला. तो कुशीवर आदळला. फोन आडवा झाला, पडदा एकदा मिटला, उघडला. शून्य, शून्य.

दोघींच्या मुठी हवेतच थांबल्या.

"किती झाले?" थोरलीने तोंडातलं रक्त थुंकून विचारलं.

"शून्य," काटेवाला उठून सरळ उभा राहत म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"माझे एवढे कष्ट पाण्यात?" धाकटी म्हणाली. मग जावेकडे वळली. "असू दे. तुला मारायचा कंटाळा थोडाच आलाय."

दुसऱ्या खेपेस अठ्ठ्याऐंशी आणि नव्वद झाले होते. धाकटीचा डावा खांदा निखळून लोंबत होता आणि ती त्याच लोंबत्या हाताने गोफणीसारखी मारत होती. थोरलीने डोक्याने टक्कर दिली, ती चुकली आणि काटेवाल्याच्या नाकावर बसली. नाक गालाच्या आत गेलं ते गेलंच. तो चरबीवरून घसरला, आडवा झाला. शून्य, शून्य. आता बघ्यांच्यातही जुंपली. कोणी कोणाच्या पोटात शिंग खुपसलं, कोणी फ्रीझरच्या दारात कोणाची मान धरली. नवऱ्यांची तंबाखू सांडली, तेव्हा तेही सुटले.

काटेवाल्याने गाळ्याआड बसून सूनबाईला फोन लावला. "आकडे पळतात गं!"

"फोन आडवा केलात ना? आडवा झाला की तो पडदा मोडून नवा उभारतो, बाबा. जुना आकडा जपून ठेव, असं तुम्ही त्याला सांगितलंच नाहीत. तेच सांगत होते काल."

"मग आता?"

"मी लॅपटॉप घेऊन निघते. दहा ओळी आहेत. तोवर फोन सरळ धरा."

फोन ठेवून त्याने मान वर केली तर दोन्ही जावा समोर उभ्या. दोघींच्या मुठी वळलेल्या.

"मोजणी चुकली," थोरली म्हणाली. "ठोसा माझा."

"तुझा का? माझे नव्वद होते. माझा!"

"दात एकच आहे, बायांनो," काटेवाला म्हणाला, आणि त्या एका दातासाठी त्या दोघींमध्ये जो खणाखणीचा प्रसंग सुरू झाला त्यात शेजारच्या गाळ्याची भिंत पडली. धूळ बसल्यावर थोरली धापा टाकत म्हणाली, "शेवटची संधी. आता पुन्हा शून्य दिसलं तर आधी मी मारणार, मग ही मारणार, आणि काटा उद्यापासून दुसऱ्याकडे."

सूनबाईचा अजून पत्ता नव्हता. काटेवाल्याने सुळा चाचपला. होता. अंगणात पाय ठरण्यासारखी जागा नव्हती. रक्त, चरबी, मोडलेले दात, कोणाचा तरी बूट. या फरशीवर तो दहा मिनिटंही उभा राहिला नसता. मग त्याची नजर मोठ्या काट्यावर गेली. जे बत्तीस वर्षं कधी तिरपं झालं नव्हतं ते तिथे लटकत होतं.

त्याने हुक आपल्या पट्ट्यात पाठीमागून अडकवला, मान साखळीला बांधून घेतली आणि दोन्ही पायांना वीस-वीस किलोची वजनं लावली. धडासारखा तो ओळंब्यात, अगदी सरळ रेषेत, लोंबू लागला. "हं," तो वरून ओरडला, "आता मारा!"

आणि त्यांनी मारलं. धाकटीने थोरलीचा कान चावून अर्धा केला. तो फटक्यात धरायचा की नाही यावर वाद झाला, धरला. थोरलीने धाकटीला उचलून त्या ओंडक्यावरच आपटली, एकदा, दोनदा, सहादा, आणि प्रत्येक आपटीला काटेवाल्याचं बोट लालवर पडलं. बघ्यांनी फेकलेली हाडं त्याच्या अंगावर गारांसारखी येत होती. तो झुलत होता, पण वजनं त्याला परत ओळंब्यात आणत होती. पंचाहत्तर, त्र्याहत्तर. एका नळीने उजव्या हाताची बोटं ठेचली. तो डाव्याने दाबू लागला. नव्वद, एक्याण्णव. डाव्याने त्यापुढचे सतराही दाबले. मग सुटलेलं एक शटर भिरभिरत आलं आणि डावा हात कोपरापासून उलटा वळवून गेलं.

नव्याण्णव, नव्याण्णव.

दोघी समोरासमोर उभ्या. कोणाचा चेहरा कोणाचा, हे नवऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. थोरलीने उजवी मूठ मागे नेली, धाकटीने कपाळ. दोघी एकदम सुटल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. ज्यांचे आधीच मिटलेले होते त्यांनी श्वास धरला. काटेवाल्याने मात्र पाहिलं. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्याही आधी धाकटीचं कपाळ थोरलीच्या हनुवटीला भिडलं होतं, आणि थोरलीची मूठ अजून बोटभर लांब होती.

शंभरावा फटका धाकटीचा. पण दाबायचा कशाने? उजवा हात ठेचलेला, डावा उलटा, नाक गालाच्या आत. आता बटण दाबलं गेलं नाही तर मोजणी चुकली, मोजणी चुकली तर दात गेला, दात गेला तर काटा गेला. दोन्ही जावा मान वर करून त्याच्याकडे बघत होत्या. काटेवाल्याने साखळीत जेवढी वाकते तेवढी मान वाकवली, तोंड उघडलं, आणि आयुष्यभर जपलेला तो एकुलता एक सुळा निळ्या बटणावर टेकवून असा दाबला की पडद्यावर लखकन शंभर उमटले, फोन वाजला, थोरली कोसळली, आणि सगळ्या बाजाराने एका आवाजात...

"थांबा," पायरीवरून दुरुस्तीवाली म्हणाली. "नखाने चालत नाही, हाडाने चालत नाही, काचेला जिवंत चामडी लागते, असं सूनबाई म्हणाली ना? मग आजोबा, दाताने कसं दाबलं?"